उतारावरच्या टप्प्यांचे बांध फुटतात आणि खालचे शेत चिबडते: पाणी अडवावे की त्याला वाट करून द्यावी?

प्रश्न: बालाघाटचा पायथा, ता. बार्शी

सर्वांना नमस्कार. बार्शी तालुक्याच्या पूर्वेकडे, बालाघाट रांगेच्या पायथ्याशी आमची चार एकर उताराची जमीन आहे. वरून खाली तिची लांबी सुमारे १६० मीटर आणि रुंदी १०० मीटर आहे. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजले तेव्हा माथा आणि तळ यांत ८ मीटरचा फरक निघाला, म्हणजे सरासरी उतार पाच टक्के धरता येईल. १९७२ च्या दुष्काळानंतर आजोबांनी घातलेल्या मातीच्या बांधांमुळे तिचे पाच टप्पे पडले आहेत. वरच्या तीन टप्प्यांत वीतभर माती आणि खाली मुरूम असल्याने तेथे सीताफळ लावले आहे. चौथा टप्पा मध्यम जमिनीचा असून त्यात तूर असते, तर पाचवा टप्पा काळ्या मातीचा आहे आणि तो आम्ही रब्बी ज्वारीसाठी राखतो.

गेल्या सप्टेंबरच्या पावसात दुसऱ्या टप्प्याचा बांध मध्यभागी फुटला. तेथून सुटलेल्या लोंढ्याने तिसऱ्या टप्प्यात गुडघाभर खोल ओघळ पाडली, आणि पुढे चौथ्या टप्प्याचा बांधही गेला. आमच्या वरच्या अंगाला अंदाजे पाच एकर गायरान आहे आणि त्याचे सगळे पाणी आमच्याच माथ्यावर उतरते. पूर्वी त्यातील बरेचसे पाणी पश्चिमेच्या शेजाऱ्यांच्या रानातील जुन्या पाटाने निघून जात असे. त्यांनी जेसीबीने जमीन सपाट करून घेताना तो पाट बुजवला. पूर्वेच्या हद्दीला लागून एक नैसर्गिक ओढा आहे, पण आमच्या शेतातील पाणी आजवर त्याच्याकडे कधी वळवलेले नाही.

दुसरी अडचण खालच्या अंगाची आहे. पावसाळा संपल्यावरही चौथ्या टप्प्याचा खालचा पट्टा आणि पाचव्याचा वरचा पट्टा ओलाच, म्हणजे चिबड राहतो, तेथे चालताना पाय रुततो, आणि त्याच पट्ट्यातील तूर दरवर्षी उभी वाळते. पाचव्या टप्प्यात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, इतका उशिरा येतो की ज्वारीची पेरणी मागे पडते.

गावात निरनिराळे सल्ले मिळाले. कोणी बांध एक फुटाने उंच करा म्हणतात, कोणी बांधात सिमेंटचे पाईप टाकायला सांगतात, तर कोणी सगळे बांध दगडाने बांधून काढा म्हणतात. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात शेतात आलेले पाणी बाहेर सोडणे मनाला पटत नाही, आणि ते धरून ठेवावे तर शेतच वाहून जाते. जाणकारांनी कामाचा क्रम सुचवावा, ही विनंती.

उत्तर १: मृदसंधारणाच्या कामातून निवृत्त, सोलापूर

आपण मोजमाप दिले आहे, त्यामुळे नेमके बोलता येईल. सर्वांत आधी एक सांगतो: बांधाची उंची वाढवू नका. फुटलेला बांध उंच केल्याने त्याच्यामागे साठणारे पाणी वाढते, आणि तोच बांध पुढच्या वेळी फुटला तर खालच्या टप्प्यावर येणारा लोंढा आधीपेक्षा मोठा असतो. आपल्या शेतातही दुसऱ्या टप्प्याने चौथ्याला नेले, ते याच रीतीने. बांध कमी उंच होते म्हणून फुटले असे मला वाटत नाही. जास्तीच्या पाण्याला ठरवून दिलेली वाट कोठेच नव्हती, म्हणून पाण्याने सर्वांत कच्ची जागा शोधली.

आपल्या शेतावर किती पाणी येते, याचा हिशेब एकदा मांडून पाहा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते दहा हजार लिटर पाणी असते. गायरान दोन हेक्टर आहे. ते चरून उघडे पडलेले असल्याने जोराच्या पावसातील निम्मे पाणी वाहून येते असे धरू. तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला, तर आपल्या माथ्यावर सेकंदाला सुमारे १६५ लिटर पाणी येऊन आदळेल. सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पाऊसमान जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी तो पाऊस वर्षभर हळूहळू पडत नाही. त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, आणि तोही थोड्या दिवसांत येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये एका दिवसात जिल्ह्याची काय अवस्था झाली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे वर्षाच्या सरासरीवरून बांधाचे गणित मांडू नये, ते एका तासाच्या पावसावरून मांडावे.

हे १६५ लिटर पाणी शेतात येऊच न देणे हे पहिले काम. पहिल्या टप्प्याच्या वर, गायरानाच्या हद्दीलगत आपल्याच जमिनीत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा एक वळण चर खोदा. तळाची रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ५० सेंटिमीटर आणि बाजू एकास एक उताराच्या ठेवा. शंभर मीटर लांबीत तळ एकूण ३० सेंटिमीटर उतरला पाहिजे. एवढ्या ढाळाने पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगाने जाते. त्यात गाळ फारसा बसत नाही आणि चराचा तळही खरवडला जात नाही. ढाळ वाढवला तर हाच चर दोन वर्षांत घळ होईल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला, काठापासून ३० सेंटिमीटर जागा सोडून, बांधासारखी दाबून टाका. हे काम नजरेच्या अंदाजाने करू नका. दर पाच मीटरवर खुंटी रोवून नळीने पातळी घ्या, कारण उताराच्या जमिनीत डोळा हमखास फसतो.

चर पूर्वेच्या ओढ्यात जेथे उतरेल, तेथे पाण्याला एकदम खाली पडू देऊ नका. दगडांच्या ठेंगण्या पायऱ्या करून त्याला टप्प्याटप्प्याने उतरवा आणि प्रत्येक पायरीच्या पायथ्याशी मोठ्या दगडांची फरसबंदी करा. ही उतरण्याची जागा पक्की झाल्याखेरीज चराला पाणी लावू नये.

दुसरे काम सांडव्यांचे, म्हणजे बांधातून जास्तीचे पाणी सोडणाऱ्या उघड्या वाटांचे. गायरानाचे पाणी वळवले, तरी आपल्या चार एकरांत पडणारे पाणी उरतेच. प्रत्येक बांधाला पूर्वेच्या टोकाशी, ओढ्याच्या बाजूने, सांडवा द्या. त्याची उंबरठ्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर खाली असावी, म्हणजे २० सेंटिमीटर पाणी वाहत असतानाही वर ३० सेंटिमीटर बांध कोरडा राहतो. २० सेंटिमीटर खोलीने वाहणारे पाणी एक मीटर रुंदीच्या सांडव्यातून सेकंदाला सुमारे १५० लिटर निघून जाते. वळण चर पक्का झाला, तर वरच्या टप्प्यांना एक मीटरचा सांडवा पुरतो. तरीही खालच्या दोन टप्प्यांना तो दोन मीटरचा ठेवा, कारण एखाद्या वर्षी चर तुंबला, तर गायरानाचे आणि आपले मिळून सेकंदाला तीनशे लिटर पाणी तेथून जावे लागेल. सगळ्या बांधांना एकाच मापाचे सांडवे ठेवणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक आहे. पाणी खाली येताना वाढत जाते, तशी वाटही रुंदावत गेली पाहिजे.

सिमेंटचे पाईप बांधात पुरणे हा लोकांचा आवडता उपाय आहे आणि मला तो मुळीच आवडत नाही. पाचट, पऱ्हाट्या, पालापाचोळा यांनी पाईप पहिल्याच मोठ्या पावसात बुजतो. बुजला नाही, तरी पाईप आणि माती यांच्या फटीतून पाणी झिरपत जाऊन आतून बांध पोखरते. उघडा सांडवा एका नजरेत तपासता येतो आणि फावड्याने साफ करता येतो.

आपल्या टप्प्यांमधील अंतराबद्दलही एक बोलावे लागेल. मृदसंधारणात बांधांमधील उभे अंतर काढण्याचे एक साधे सूत्र वापरले जाते: उताराच्या टक्केवारीला ३ ने भागून त्यात २ मिळवायचे आणि आलेल्या संख्येला ०.३ ने गुणायचे. पाच टक्के उताराला हे उत्तर १.१ मीटर येते, म्हणजे जमिनीवर साधारण २२ मीटर अंतर. आपल्याकडे ८ मीटर उतारात पाचच टप्पे असल्याने उभे अंतर १.६ मीटर आणि जमिनीवरील अंतर ३२ मीटर पडते. इतक्या लांब मोकळ्या उतारावर पाणी वेग घेते. त्यासाठी नवे बांध घालण्याची गरज नाही. प्रत्येक टप्प्याच्या मध्यावर समपातळी रेषेत खस गवताची एक सलग ओळ लावा. खसाची मुळे सरळ खोल जातात, ते पिकात पसरत नाही, जनावरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या बुंध्यांशी अडकलेल्या गाळाची काही वर्षांत आपोआप एक लहानशी पायरी तयार होते.

ओघळीसाठी अनघड दगडांचे लहान बांध घाला. ते मध्यभागी खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच असावेत, नाहीतर पाणी बाजूने काठ कापून नवी ओघळ काढते. पाया आणि टोके किमान ३० सेंटिमीटर जमिनीत गाडा. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत येईल, इतके अंतर त्यांच्यात ठेवा.

उत्तर २: काळ्या रानाचा शेतकरी, मंगळवेढा

वरील उत्तरातील वळण चराचे आणि सांडव्यांचे म्हणणे मला मान्य आहे. गायरानाचे सगळेच पाणी ओढ्याला देऊन टाकणे मात्र पटत नाही, आणि त्याबद्दल शेवटी लिहितो. त्याआधी चिबड पट्ट्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्याचे कारण आणि बांध फुटण्याचे कारण एक नाही.

वरच्या तीन टप्प्यांत मुरूम असल्याने तेथे मुरणारे पाणी झपाट्याने खाली जाते, आणि एखाद्या घट्ट थराला लागले की उताराच्या दिशेने जमिनीखालून सरकू लागते. चौथ्या टप्प्याच्या खालच्या अंगाला आणि पाचव्याच्या वरच्या अंगाला काळी माती सुरू होते. ही माती पाण्याने फुगते, तिच्यातील भेगा मिटतात आणि तिच्यातून पाणी अतिशय मंद गतीने पुढे जाते. वरून आलेला पाझर तिला येऊन थटतो आणि वर उमटतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही तो पट्टा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. वरून वाहणारे पाणी कितीही शिस्तीत बाहेर काढले, तरी हा पाझर थांबणार नाही.

त्याला उपाय म्हणजे पाझर मध्येच पकडणारा खोल चर. चौथ्या टप्प्यात, ओला पट्टा जेथून सुरू होतो त्याच्या थोडे वर, उताराला आडवा चर घट्ट थर लागेपर्यंत खोदा. आधी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन तो थर किती खोल आहे ते पाहा. एक ते सव्वा मीटरवर तो लागला तर काम सोपे आहे. चराच्या तळाशी छिद्रांचा पाईप टाकून त्याभोवती खडी भरा, खडीवर जाड वाळूचा थर द्या आणि वरची एक-दीड फूट जागा शेतातील मातीने बुजवा, म्हणजे औत चालवता येते. पाईप परवडत नसेल, तर तळाशी मोठे दगड आणि वर लहान दगड भरूनही काम भागते, फक्त काही वर्षांनी गाळ भरल्यावर ते पुन्हा उकरावे लागते. चराचे तोंड ओढ्याच्या बाजूला उघडे ठेवा. उन्हाळ्यात त्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि सरडे त्यात ठाण मांडतात.

तुरीबद्दल एक सुचवतो. उभी वाळणारी तूर म्हटले की आपण लगेच मर रोग म्हणतो, आणि तो असतोही. पण साचलेल्या पाण्यात मुळांना हवा न मिळाल्याने झाड आधीच दुबळे झालेले असते. पाझर चर होईपर्यंत त्या पट्ट्यात तूर सपाट रानात न पेरता रुंद वरंब्यावर घ्या आणि सऱ्यांना सांडव्याकडे अगदी थोडा ढाळ द्या.

पाचव्या टप्प्याच्या बांधाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. काळ्या जमिनीत समपातळीचा बांध घालून सगळे पाणी कोंडून ठेवणे, ही हलक्या जमिनीची रीत जशीच्या तशी उचलल्यासारखे आहे. मुरमाड जमीन पाणी पिते, म्हणून तेथे समपातळी बांध शोभतो. काळी जमीन ओली झाली की पाणी पीत नाही, म्हणून बांधालगत पाणी उभे राहते आणि पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात त्याच बांधाला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून घुसून बांध फोडते. यासाठीच काळ्या जमिनीत ढाळीचे बांध, म्हणजे लांबीच्या दिशेने शंभर मीटरला १० ते ३० सेंटिमीटर उतार दिलेले बांध, घालण्याची शिफारस असते. आपला पाचवा बांध ७२ च्या काळातील असेल, तर तो बहुधा समपातळीत घातलेला असणार. तो मोडू नका. त्याच्या वरच्या अंगाला ओढ्याकडे हलका ढाळ असलेली एक उथळ, रुंद सरी काढून द्या, तेवढे पुरे होईल.

ज्वारीच्या रानाची आणखी एक गोष्ट आहे. रब्बीसाठी राखलेले रान जून ते सप्टेंबर मोकळे असते, आणि आपल्याकडील मोठा पाऊस नेमका त्याच काळात येतो. कुळवाच्या पाळ्या घालून स्वच्छ ठेवलेले हे उघडे रान सर्वांत जास्त माती गमावते. जूनमध्ये उताराला आडवे छोटे कप्पे पाडून ठेवले, तर पाऊस जागच्या जागी मुरतो आणि पेरणीपूर्वी कप्पे मोडता येतात. उतार जितका जास्त, तितके कप्पे लहान करावेत. आपला पट्टा चिबड असल्याने पाझर चर झाल्यावरच हे करा, आधी नको.

आता गायरानाच्या पाण्याचे. वळण चर ओढ्याला मिळण्यापूर्वी त्याच्या बाजूला एक शेततळे घ्यावे असे मला वाटते. आपली सीताफळाची बाग वरच्या टप्प्यांवरच आहे; फळ वाढीच्या काळात पावसाने ओढ दिली, तर बाग वाचवण्यापुरती दोन संरक्षित पाणी देता येतील. सप्टेंबरमध्ये शेत वाहून जाते आणि एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याचा टँकर लागतो, हे आपल्या जिल्ह्यात एकाच शिवारात घडते. त्यामुळे वळवलेल्या पाण्यातला थोडा तरी वाटा स्वतःकडे ठेवावा.

प्रश्नकर्ते

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. चाचणीचा एक खड्डा कालच घेतला. साधारण एक मीटरवर पिवळसर घट्ट थर लागला आणि खड्ड्यात वरच्या बाजूने पाणी झिरपू लागले, म्हणजे मंगळवेढ्याच्या दादांचे अनुमान बरोबर दिसते.

तीन शंका राहिल्या आहेत. गायरानात चर खोदता येतील का आणि तसे केल्यास वळण चराची गरज राहील का? पश्चिमेच्या शेजाऱ्यांनी बुजवलेल्या पाटाबाबत काय करावे? त्यांच्याशी आमचे संबंध चांगले आहेत आणि ते बिघडवायचे नाहीत. तिसरी शंका कामाच्या वेळेची आहे: जेसीबी उन्हाळ्यात मिळतो, पण तेव्हा माती कोरडी ठणठणीत असते.

उत्तर ३: महसुली कामांचा अनुभव असलेला वाचक, माढा

शेजाऱ्यांच्या पाटाबद्दल लिहितो. आधी समक्ष बसून बोला, आणि बोलताना गटाचा नकाशा व उताराची मोजमापे सोबत ठेवा. अनेकदा पाट बुजवणाऱ्याला तो पाट होता हेच ठाऊक नसते, किंवा जेसीबी चालकाने सरसकट सपाटीकरण केलेले असते. पाट पुन्हा उघडण्याऐवजी त्यांच्या वरच्या हद्दीने आपल्या वळण चराला जोडणारा छोटा चर काढता आला, तर त्यांच्याही शेताचा माथा वाचेल. मात्र तसे ठरल्यास वळण चराचे माप त्या वाढीव पाण्याच्या हिशेबाने मोठे करावे लागेल.

बोलणे निष्फळ ठरले, तर कायद्यात तरतूद आहे, एवढे माहीत असावे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार, शेतजमिनीवर नैसर्गिकरीत्या पडणाऱ्या किंवा उगम पावणाऱ्या पृष्ठभागावरील पाण्याच्या वाहण्याला कोणी बेकायदा अडथळा केला, आणि त्यामुळे जमिनीचे किंवा पिकाचे नुकसान होत असेल अथवा होण्याचा संभव असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. त्यासाठी वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ही मुदत बरेच लोक हयगयीत घालवतात आणि नंतर दिवाणी न्यायालयाच्या फेऱ्या मारतात. संबंध टिकवायचे आहेत म्हणून दावा करू नये हे ठीक, पण पाट केव्हा बुजवला गेला याची तारीख आणि छायाचित्रे आजच जपून ठेवा.

हीच तरतूद उलट बाजूनेही लागू होते, याकडेही लक्ष असू द्या. आपण सांडवे आणि चर काढून पाणी ओढ्यात सोडत असाल तर हरकत येण्याचे कारण नाही, कारण ते पाणी नैसर्गिक वाटेने जाते. पण खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर एका जागी लोंढा सोडला, तर तक्रार करण्याची पाळी त्यांची असेल. ओढ्याचे पात्र खाली कोठे अरुंद किंवा बुजलेले आहे का, हेही त्यांच्यासोबत एकदा चालत जाऊन पाहावे.

गायरानात काम करायचे तर ग्रामपंचायतीकडे जावे लागेल. तेथे सलग समपातळी चरांचे काम रोजगार हमीतून घेता येते. त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडून आराखड्यात काम समाविष्ट करून घ्यावे. ही प्रक्रिया वेळ घेते, म्हणून स्वतःच्या हद्दीतील काम तिच्यासाठी थांबवू नका.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

गायरानातील चरांनी वळण चर अनावश्यक होईल का, तर नाही, आणि त्याचा हिशेब असा. नेहमीच्या मापाचा, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर घेतला, तर एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. एका हेक्टरमध्ये असे ६०० मीटर चर काढले, तरी एका वेळी एक लाख आठ हजार लिटर, म्हणजे त्या हेक्टरवरून वाहणारे सुमारे ११ मिलिमीटर पाणी थांबते. रोजच्या पावसाला ते उत्तम आहे आणि गायरानात गवत वाढू लागेल, हा त्याहून मोठा लाभ आहे. पण ज्या दिवशी बांध फुटतात, त्या दिवशी चर पहिल्या अर्ध्या तासात भरतात आणि पुढचे पाणी वळण चरालाच पेलावे लागते.

मंगळवेढ्याच्या मित्रांनी सुचवलेल्या शेततळ्याला माझा विरोध नाही, फक्त त्याची जागा नीट ठरवा. तळे चराच्या वाटेवर घेऊ नका, चराच्या कडेला घ्या. चरातून त्यात जाणारे तोंड गाळाच्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्या, आणि तळे भरले की पाणी आपोआप चरानेच पुढे जाईल अशी पातळी ठेवा. चराच्या वाटेवर घेतलेले तळे गाळाने भरते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस, तळे तुडुंब असताना, त्याच्या काठावरूनच लोंढा सुटतो. वरच्या मुरमात तळे अस्तराशिवाय पाणी धरणार नाही, शिवाय तेथे मुरलेले पाणी खाली पाझर वाढवेल, त्यामुळे अस्तराचा खर्च झेपत नसेल तर यंदा तळे राहू द्या.

आता वेळेबद्दल. उन्हाळ्यातील कोरड्या ढेकळांचा बांध वरून भरीव दिसतो, पण आत पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसात तो दबतो. तूर निघाल्यानंतर जमिनीत थोडी ओल असेल, तेव्हाच मातीकाम उरकता आले तर उत्तम. ते जमले नाही, तर वळवाचा एखादा पाऊस होऊ द्या आणि मग वीतभर जाडीचे थर देत, प्रत्येक थर दाबत, बांध भरा. कितीही दाबला तरी तो बसतोच, म्हणून हव्या असलेल्या उंचीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त माती घाला. दगडी काम मात्र भर उन्हात करता येते, तेव्हा सांडवे आणि ओढ्यात उतरणाऱ्या पायऱ्या एप्रिलमध्येच पूर्ण करा.

बांधासाठी माती उचलायची ती वरच्या अंगाने उचला, बांधाच्या पायथ्यापासून हातभर जागा सोडून, आणि सलग खणत न जाता मध्ये मध्ये न खणलेले पट्टे ठेवत. सलग खणले तर तोच खड्डा पाण्याचा पाट होतो. जेसीबी चालकाला हे आधी बजावून सांगा आणि काम चालू असताना तेथे उभे राहा. आणखी एक: जेथे मुरूम उघडा पडेल, तेथे सुपीक वरची माती आधी बाजूला काढून ढीग करून ठेवा आणि शेवटी परत पसरा. वीतभर मातीच्या आपल्या टप्प्यांवर ती एकदा मुरमाखाली गाडली गेली, तर पुढची कित्येक वर्षे तेथे सीताफळसुद्धा नीट धरणार नाही.

सगळे बांध दगडाचे करण्याचा खर्च मी करणार नाही. दगड लावायचाच तर फुटलेल्या दोन जागी, सांडव्यांच्या दोन्ही कडांना आणि पायथ्याला लावा, आणि तो सिमेंटशिवाय, कोरड्या रचाईने लावा, म्हणजे मागील पाणी दगडांच्या सांध्यांतून निघून जाते. मागच्या बाजूला बारीक दगडांची भर द्या. बाकीच्या बांधांवर जूनच्या पहिल्या पावसाबरोबर मारवेल गवत किंवा स्टायलो हा चारा पेरा. बांधावर तूर किंवा एरंडी लावण्याचा मोह आवरा, कारण त्यासाठी दरवर्षी बांध उकरला जातो.

शेवटी, ज्या जागी बांध फुटले तेथे नुसती माती टाकून खिंडार बुजवू नका. दोन्ही बाजूंची जुनी माती पायऱ्या पाडून खाचा, तळ एक फूट खोल उकरा आणि मगच थर देत भरा. नाहीतर नवी आणि जुनी माती एकजीव होत नाही आणि पाणी त्याच सांध्यातून जाते. उकरताना जुन्या बांधात घुशींची बिळे आहेत का, तेही पाहा. मध्यभागीच बांध फुटला असेल, तर मला घुशीचाच संशय अधिक येतो. बीळ सापडल्यास ते शेवटपर्यंत उकरून ओल्या मातीने ठासून भरा. वरचे तोंड नुसते लिंपून काही उपयोग होत नाही.